शून्य बारा नंबरची होडी

कुठलीही वस्तू आधी जाहीर झाल्याशिवाय तिला घरात थारा न देणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडूभाऊंनी जन्मभर नोकरीत युनिक्सवर चालणारी संगणकाची यंत्रं सांभाळली आणि निवृत्तीनंतर घरही त्याच पद्धतीने चालवायला घेतलं. यंत्राला द्यायच्या हुकमांच्या यादीत, म्हणजे शेल स्क्रिप्टमध्ये, एखादं नाव वापरण्याआधी 'डिक्लेअर' लिहून बजावता येतं, की यात फक्त पूर्णांक राहील, यात यादी राहील, हे कधीच बदलायचं नाही. न बजावताही काम भागतं म्हणे, पण भागवून घेणाऱ्यांतले साडूभाऊ नव्हेत. स्वयंपाकघरात डब्याडब्यावर चिठ्ठ्या. मेव्हणीने एकदा 'फक्त आमसुलं' लिहिलेल्या डब्यात सुकट भरली, तर या गृहस्थांनी आठवडाभर सोलकढीला तोंड लावलं नाही. मी हसलो की म्हणायचे, "अहो, तुमचं सगळंच मोघम!"

जयगडच्या होडीवाल्यांना वाऱ्याचा इशारा फोनवर जावा म्हणून त्यांनी हौसेने एक स्क्रिप्ट लिहून दिली. होडीचा नंबर? अर्थातच पूर्णांक, ठणकावून जाहीर. पहिल्याच इशाऱ्याला सगळ्या होड्या परतल्या, हसनचाचांची तेवढी नाही. बाकीच्यांचे नंबर साधे, यांच्या होडीवर मात्र '०१२' रंगवलेलं. पूर्णांक म्हटल्यावर पुढे शून्य असलेला आकडा यंत्र दहाच्या नव्हे, आठाच्या हिशोबाने वाचतं: एक आठ आणि वर दोन, म्हणजे बाराचे झाले दहा! दहा नंबरवाल्याला दोनदा निरोप गेला आणि चाचा निरोपाविना खोल समुद्रात राहिले. हे उमगलं तेव्हा साडूभाऊंनी मला घेऊन तडक जयगडचा धक्का गाठला. मला फार वाईट वाटलं.

दिवेलागणीला होडी दिसली. चाचा उतरले तसे साडूभाऊ हात जोडून पुढे झाले. "चूक माझी. मी नंबराला आकडा समजलो."

चाचा चिंब भिजलेले, तरी हसले. "तो आकडा नाय ओ भाऊ, माज्या होडीचा नाव हाय. बापाने ठेवलेला."

साडूभाऊंनी तिथेच बसून फोनवरून स्क्रिप्टमधला तो 'पूर्णांक' खोडला. त्यानंतर एकही निरोप चुकलेला नाही. तरी इशारा निघाला की ते एसटीने जयगड गाठतात. परवा मीही सोबत गेलो. गुडघे दुखत असूनही साडूभाऊ धक्क्यावर उभेच. म्हटलं, "स्क्रिप्ट बरोबर आहे ना आता?"

"आहे हो," समुद्रावरची नजर न काढता ते म्हणाले, "पण चाचा येताना दिसले की बरं वाटतं."