ध्वनी सदोष

नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या त्या सहामजली इमारतीतली मराठी मंडळी सुनेत्राविषयी म्हणत, "बाकीचे नोकरी करून दमले की टीव्ही बघतात, हिची टीव्ही बघणं हीच नोकरी!" शेजारच्या शोभाताई त्याला पुस्ती जोडत, "आणि तोही अशा भाषेतला, जिचा एक शब्द हिला कळत नाही!"

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सांगलीत वाढलेली, डेल्फ्टला शिकायला येऊन इथेच स्थिरावलेली सुनेत्रा एका डच कंपनीत चित्र आणि ध्वनी तपासत असे. कंपनीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे एका देशाची सरकारी मनोरंजन वाहिनी. देशाचे नाव उच्चारायला करारानेच मनाई होती. तिथे निवडणुका होतात, पण निकालाची उत्सुकता कोणाला नसते, एवढेच ती सांगे. वाहिनीवर बातम्या नसत. गाणी, नाच, पाककृती आणि प्रहसने असत. जुन्या कार्यक्रमांच्या मूळ फिती कंपनीच्या तळघरात होत्या आणि प्रत्येक भाग प्रसारणास योग्य की सदोष, हा शेरा सुनेत्राच्या सहीने जाई. तिचा कान असा, की महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत नांदी चालू असताना ती उठली आणि डावा स्पीकर उलटा जोडला आहे, हे अध्यक्षांना सांगून आली. अध्यक्ष पुढे महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत.

दोन हजार वीसच्या वसंतात सगळेच घरात अडकले. त्या देशातले चित्रीकरणही थांबले आणि वाहिनी दिवसभर जुने भाग दाखवू लागली. सुनेत्राच्या जेवणाच्या टेबलावर संगणकाचे दोन पडदे आले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा अंबरीश आपल्या बैठका घेत बसे आणि ती कानांना हेडफोन लावून विनोदी माणसांकडे न हसता पाहत राही. अपवाद एकाचा. पोस्टमनच्या वेषातला एक लुकडा नट लोकांची पत्रे फोडून भलतेच काहीतरी वाचून दाखवी. भाषा कळत नसूनही त्याला पाहून तिला हसू फुटे.

एप्रिलच्या मध्यास वाहिनीने त्याच्या एका भागाची 'सुधारित प्रत' पाठवली. मध्येच अकरा सेकंद आवाज नव्हता. ओठ तेवढे हलत होते. आवाज परतला तेव्हा प्रेक्षक हसून बेजार झालेले. सुनेत्राने नेहमीच्या काटेकोरपणे शेरा लिहिला : 'ध्वनी सदोष. प्रसारणास अयोग्य.' करारानुसार सदोष ठरलेल्या भागाची मूळ फीत आणि सर्व प्रती नष्ट केल्या जात. तशा त्या केल्या गेल्या.

मे महिन्यात वाहिनीकडून चाळीस भागांची यादी आली. सोबत एका ओळीची सूचना : 'त्या भागासारखाच शेरा द्यावा. मुदत शुक्रवार, दुपारी दोन.' सुनेत्राने पहिला भाग लावला. ठणठणीत. दुसराही तसाच. चारपाच भाग पाहिल्यावर तिच्या लक्षात आले, की यादीतल्या सगळ्या भागांत समान गोष्ट एकच आहे : तो पोस्टमन.

तिने शोध घेतला. एका डच संकेतस्थळावर चार ओळींची बातमी आणि त्याचे छायाचित्र सापडले. साथीत दगावलेल्यांच्या सरकारी आकड्यावर त्याने घरी बसून एक विनोद केला होता. मार्चअखेर त्याला उचलून नेले; तेव्हापासून त्याचा पत्ता नव्हता. वाहिनीचा खुलासा असा, की या नावाचा कलाकार आमच्याकडे कधीही नव्हता.

हा खुलासा खोटा पाडणारे चाळीस भाग तळघरात होते. एकेचाळिसावा सुनेत्राने स्वतःच्या सहीने घालवला होता. त्या अकरा सेकंदांत तो काय बोलला होता, हे आता ती कोणाला विचारणार?

पूर्ण ऐकल्याशिवाय शेरा द्यायचा नाही, हा तिचा नियम. तीन दिवस ती ऐकत राहिली. कुठेतरी खरा दोष सापडावा, असे तिला मनापासून वाटत होते. निदान एका भागावर तरी 'सदोष' हा शब्द प्रामाणिकपणे लिहिता आला असता. सव्विसाव्या भागात बारीक गुणगुण ऐकू आली. तिने तो तुकडा तीनदा ऐकला. मग हेडफोन काढला. गुणगुण घरातल्या फ्रिजची होती.

शुक्रवारी सकाळी अंबरीशने आपला लॅपटॉप मिटला.

"एक शब्द लिहायचाय, सुनेत्रा. कादंबरी नाही लिहायची."

"खाली सही माझी असते."

"आणि आपल्या दोघांचं इथं राहायचं परमिट तुझ्या नोकरीवर आहे. ती गेली की हातात तीन महिने. या दिवसांत कोण देणार आहे नोकरी? परत जावं म्हटलं तर विमानंही बंद."

"माहीत आहे मला."

"तू नाही लिहिलंस तर दुसरं कोणीतरी लिहील."

"लिहू दे की. माझ्या हातून एक गेलाय, तेवढा पुरे."

अंबरीशने चहा टाकला. दोघांचा टाकला, पण तिला हाक मारली नाही. बाहेरच्या सामाईक सज्जातून जाताना शोभाताईंनी काचेवर टकटक केली. "काय गं, आज कुठला सिनेमा?" सुनेत्राने न पाहताच हात वर केला. त्या क्षणभर घुटमळल्या आणि निघून गेल्या.

दीड वाजता तिने चाळीस शेरे पाठवले. पावणेदोनला वाउटरचा व्हिडिओ कॉल आला. तो तिचा वरिष्ठ. दोन महिने घरीच मुलांना शिकवून त्याचा आवाज बसला होता.

"सुनेत्रा, हे काय आहे? तूच एक भाग सदोष ठरवलास आणि बाकीचे चाळीस योग्य? उद्या ते विचारतील, मग तेव्हा काय झालं होतं? अजून पंधरा मिनिटं आहेत. बदल ते. म्हणजे तुझ्याबद्दल मला काही ठरवावं लागणार नाही."

अंबरीश हातात कप घेऊन तिच्या संगणकाच्या पडद्यामागे उभा होता. त्याने मान हलवली. हो की नाही, हे तिला कळले नाही. तिने त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिले नाही.

"तेव्हा मी चुकले, वाउटर. दोष फितीत नव्हता, आवाज त्यांनी काढला होता. हे चाळीस भाग मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेत; ठणठणीत आहेत. 'सदोष' लिहायचंच असेल तर तू लिही, आणि खाली सही तुझी कर."