तिसरं कोटेशन आणि मानपूरची घोडी

आमच्या यजमानांनी एका सरकारी खात्याचं स्टोअर बत्तीस वर्षं सांभाळलं. तिथे टाचणीपासून रोडरोलरपर्यंत काहीही घ्यायचं तर तीन कोटेशनं मागवायची, तिन्हींचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि मगच खरेदी, असा नियम. ते रिटायर झाले, नियम झाला नाही. सुदामा नगरातल्या आमच्या घरात कुकर, गादी, पाण्याचा फिल्टर, सगळं तीन कोटेशनांतून आलेलं आहे. लग्नाच्या वेळी माझ्याआधी दोन मुली पाहिल्या होत्या, हे सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हा मी फार चिडले होते. पुढे या माणसाची रीत कळली आणि लक्षात आलं, की मी तिसरं कोटेशन होते, म्हणून लग्न ठरलं.

रिटायर झाल्यावर त्यांनी मानपूरच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी, टेकडीचा एक तुकडा घेतला. तिथे पिकतात ते फक्त दगड. पण माथ्यावर पळसाची वीस-पंचवीस झाडं आहेत, त्यांच्या पलीकडे जमीन एकदम संपते आणि खाली सगळा निमाड दिसतो. हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं. मी स्वतः वर कधी गेलेच नव्हते. भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये रोज सहा तास उभं राहून केमिस्ट्री शिकवता शिकवता माझ्या दोन्ही गुडघ्यांनी हात टेकले होते. आमची कार पायथ्याशी थांबते. तिथे शेजारच्या शेतकऱ्याचं घर आहे. त्याच्या अंगणात मी खाटेवर बसायची, हे वर जायचे आणि पाऊण तासाने माझ्या फोनवर केशरी पळसाचा फोटो यायचा. तीन फाल्गुन मी पळस असा खाटेवर बसून पाहिला.

चौथ्या वर्षी दिवाळीतच मी सांगून टाकलं, "या फाल्गुनात मला पळस डोळ्यांनी पाहायचाय. खांद्यावर न्या नाहीतर क्रेनने न्या, पण न्या."

"अगं, क्रेन कशाला," हे म्हणाले, "एक गाडी येते. दगड, खड्डे, चढ, सगळं खाऊन टाकते. मी व्हिडिओ देखलाय."

त्या गाडीला इंग्रजीत साइड-बाय-साइड म्हणतात. जाड टायर, डोक्यावर लोखंडी पिंजरा, दारांच्या जागी जाळी आणि शेजारी शेजारी दोनच सीटा. रस्त्यावर चालवायची परवानगी नाही, पण टेकडी चढते. आमच्या घरात तिचं नाव डोंगरगाडी पडलं. मला त्यातल्या दोन सीटांचंच अप्रूप वाटलं. लग्नानंतर पंधरा वर्षं स्कूटरवर मी यांच्या पाठीमागे बसले. मग कार आली, तेव्हा पुढच्या सीटवर सासूबाई बसायच्या, कारण मागे त्यांना मळमळायचं. सासूबाई गेल्या आणि त्या जागी यांच्या फायली बसू लागल्या. मी मागेच राहिले. या माणसाच्या डोक्याची मागची बाजू मी झोपेतही ओळखीन. डोंगरगाडीला मागची सीट नाही हे कळलं तेव्हा मी म्हटलं, हीच घ्या.

"घ्या काय? तीन कोटेशन?"

पहिली डोंगरगाडी बायपासवरच्या एका शोरूममध्ये होती. लाल. शोरूमच्या मागे त्यांनी मातीचे ढीग घालून एक मैदान केलं होतं. विकणारा गृहस्थ चांगला पन्नाशीचा होता, पण गाडीबद्दल बोलताना त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"अंकलजी, ये चलती नहीं, उड़ती है! सस्पेंशन देखो आप, कुदाओ इसको!"

"कुदून उतरायचं कुठे?" मी विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. ट्रायल घेताना शेजारी कंपनीचाच माणूस बसला पाहिजे असा नियम निघाला. म्हणून शेजारच्या सीटवर तो बसला, हे चालवायला बसले, आणि जिच्या गुडघ्यांसाठी हा सगळा खटाटोप चालला होता ती बाई दोघांचे चष्मे आणि पाकिटं पर्समध्ये घेऊन उन्हात उभी राहिली. गाडी एका ढिगावरून खरंच उडाली. हे खाली उतरले तेव्हा त्यांच्या भुवया धुळीने पांढऱ्या झालेल्या होत्या आणि चेहरा शाळा सुटल्यासारखा होता. मग त्यांनी खिशातून टेप काढला आणि गाडीखाली आडवे झाले.

दुसरी गाडी हिरवी, महूच्या रस्त्यावरच्या एका ॲडव्हेंचर पार्कमध्ये विकायला होती. तिथेही नियम तोच. या वेळी मी कुणाला न विचारता सीटवर जाऊन बसले. हिच्यात उडणं नव्हतं, संथ होती, मागे सामानाला हौदा होता. पार्कच्या माणसाने मला दगडांवरून, चिखलातून, एका ओढ्यातून फिरवून आणलं. हे काठावर वही घेऊन उभे होते. मी उतरल्याबरोबर विचारलं, "कमरेला धक्का किती? दहापैकी सांग. दोन्ही बाजूंचा अलग-अलग."

असे दोन्ही गाड्यांत आम्ही बसलो, पण शेजारी शेजारी एकदाही बसलो नाही.

तक्त्याला एकवीस रकाने होते. जमिनीपासूनची उंची, रुंदी, चढण्याची ताकद, सीटचे पट्टे, धूळ, आवाज, मागे जाण्याची सोय. माथ्याच्या वाटेवर दोन मोठे दगड आहेत, त्यांच्यामधून गाडी जाते की नाही हे पाहायला यांनी दोन्ही गाड्यांच्या रुंदीच्या खुणा असलेली बांबूची चौकट करून घेतली आणि ती आडवी धरून एका रविवारी वाटेने चालत राहिले. हिरवी जात होती. लाल चार बोटांनी अडकत होती. मला वाटलं, चला, निकाल लागला. पण तिसरं कोटेशन नव्हतं! तसली गाडी विकणारा तिसरा माणूस त्यांना सापडत नव्हता, आणि दोन कोटेशनांवर खरेदी करणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने घरफोडी. पौष गेला, माघ गेला. मी रोज कोचिंगहून आले की विचारायची, "आलं का?" आणि हे जावई यायचा राहिल्यासारखं तोंड करून मान हलवायचे.

फाल्गुन लागला. आम्ही शेतावर गेलो तर शेजारचा शेतकरी म्हणाला, "बाईसाब, फूल तो झड़ने लगे." मी यांच्यावर अशी भडकले, की अंगणातल्या कोंबड्या बाजूला झाल्या. "तुमचं तिसरं कोटेशन येईपर्यंत पळसाला शेंगा येतील! मला काय शेंगा दाखवणार आहात?"

शेतकऱ्याने शांतपणे विचारलं, भानगड काय आहे. यांनी त्याला नियम समजावून सांगितला. त्याने तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तो साब, तीसरी म्हारी घोड़ी लिख लो नी. टेकरी पे तो या रोज जाए."

मला हसू आलं. यांना आलं नाही. त्यांनी वही उघडली.

घोडी पांढरी होती. मानपूरच्या सगळ्या लग्नांत नवरदेव हिच्यावरच बसतात, त्यामुळे कपाळावर चमकीचा गोंडा कायमचाच. यांनी टेप काढून तिच्या पोटाखालची उंची मोजली. दोन्ही गाड्यांपेक्षा दुपटीहून जास्त. दोन दगडांमधून जाते: हो. इंधन: चणे, गवत. धूळ: नगण्य. मागे जाण्याची सोय: मर्जीनुसार. लोखंडी पिंजरा: नाही. विक्रीनंतरची सेवा: मालक समोरच राहतो. प्रत्येक रकान्यात गुण देता देता यांचा चेहरा गंभीर होत गेला, कारण घोडी पुढे चालली होती.

"ट्रायल?" शेतकऱ्याने विचारलं.

मी खाटेवरून उठले, खाटेवरच चढले, आणि तिथून दोघांच्या आधाराने घोडीवर. साडी नव्हती, पंजाबी ड्रेस होता, देवाची कृपा. घोडी मात्र जागची हलेना. शेतकऱ्याने टाळी वाजवली, लगाम ओढला, पाठीवर थाप मारली. मग ओशाळून म्हणाला, "बाईसाब, ब्याव की घोड़ी हे. सवारी बैठे तो बाजा बिना नी चले."

त्याने मोबाईलवर लग्नाचा बँड लावला. घोडीने कान टवकारले, दोनदा जागच्या जागी नाचली आणि निघाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, भर दुपारी, एका मोबाईलच्या वरातीत मी टेकडी चढू लागले. पुढे लगाम धरून शेतकरी आणि माझ्या पायाशी, रिकिबीला हात लावून, हे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या शेजारी चालत होते. वरून पाहताना कळलं, की यांच्या डोक्याच्या मधोमधही टक्कल पडलंय. मागून ते कधी दिसलं नव्हतं.

त्या दोन दगडांपाशी रिकिबीवरचा हात सुटला. वळून पाहिलं तर हे एका दगडावर बसले होते आणि तोंडाने श्वास घेत होते.

"काय झालं?"

"काही नाही. जा तुम्ही." मग माझ्याकडे न पाहता, "मी इथपर्यंतच येतो. दो साल झाले. पुढे दम लागतो."

"आणि ते फोटो?"

यांनी शेतकऱ्याकडे पाहिलं. तो घोडीच्या गोंड्यातला नसलेला कचरा काढू लागला. बकऱ्या घेऊन रोज वर जाणारा तोच. फोटो काढून तो यांना पाठवायचा, आणि हे या दगडावर पाऊण तास बसून मला पाठवायचे. फोटोच्या वर बारीक अक्षरात "फॉरवर्डेड" लिहिलेलं असायचं. सकाळच्या सुविचारापासून सगळंच तसं येतं, मी काय लक्ष देणार!

मला राग आला, आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. बांबूची चौकट घेऊन हा माणूस नेमका इथपर्यंतच चालला होता. (पुढे डॉक्टरांना दाखवलं. काळजीसारखं काही नव्हतं, गोळ्या आणि पोट कमी करणं. दुसऱ्या-तिसऱ्या डॉक्टरकडे मात्र मी जाऊ दिलं नाही.) मी उतरते म्हटलं, तर म्हणाले, "बिलकुल नाही. इतकी पंचायत कशासाठी केली? जा, बघून ये."

मी गेले. निम्मी फुलं झडली होती, जमीनच केशरी झाली होती. पलीकडे जमीन खरंच संपत होती आणि खाली निमाड धुरकट, उन्हात पसरलेला. फोटोत यातलं काही म्हणजे काहीच आलं नव्हतं. बँड बंद केल्यावर इतकं शांत झालं, की फूल पडल्याचा आवाज येत होता. मी डोळे भरून पाहिलं आणि दोन मिनिटांतच मला करमेना. मी फोटो काढून खाली पाठवला. लगेच उत्तर आलं, "यात तू कुठे आहेस?"

परत आले तेव्हा हे वही मांडीवर घेऊन बसले होते. घोडीच्या ओळीत विसाव्या रकान्यापर्यंत सगळ्यांत जास्त गुण होते. एकविसाव्या रकान्यात, आसनांच्या मथळ्याखाली, त्यांनी आपल्या स्टोअरच्या अक्षरात लिहिलं होतं: एकच. अपात्र.

"बिचारीला एका रकान्यावरून बाद केलंत?" मी म्हटलं.

"मग मी कुठे बसणार?" ते म्हणाले, आणि पेन माझ्यापुढे धरलं. तीन कोटेशनं पूर्ण झाली होती. मी घोडीवर बसल्या बसल्याच हिरव्या गाडीच्या नावापुढे सही केली. मग दोघांनी मिळून मला उतरवलं. दगड तसा एकाच माणसापुरता होता. हे थोडे सरकले आणि मी बसले.