छोट्या आजोबांची तर्री

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "छोटे आजोबा आमच्यावर रागावलेत का?" मी फोन दुसरीकडे फिरवला. पण सुट्टीत पांढुर्ण्याला आलात की तुम्ही त्यांना हसवायचा खटाटोप कराल, म्हणून आधीच लिहिते.

माझे हे धाकटे दीर भाजीवर तेलाची लाल तर्री दिसल्याशिवाय ताटाला हात लावत नसत. रामाकोना गावी, घरातल्या एका सोयरिकीच्या पहिल्याच जेवणात फिकी भाजी पाहून म्हणाले, "विहीणबाई, भाजी सुतकात आहे का?" पंगत हसली. विहीणबाईंनी तेल कडवून आणलं.

पुढे रक्त तपासलं, तर कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढलेले. इंग्रजी रिपोर्ट मी समजावून सांगितला. "वयनी, त्या कागदानं भाजी खाल्ली आहे का कधी?" असं म्हणून त्यांनी बायकोला, शकुनला, हाक मारली, "वाढ वं, वयनी मले भेव दाखवून राहिल्या."

मग लकवा आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा मात्र हळूहळू परतली. पथ्याचं जेवण सुरू झालं तेव्हा शकुन भांडणाच्या तयारीत होती. भांडण झालंच नाही. उकडलेली लौकी समोर ठेवली की ते गुमान खायचे. शहाणे झाले, असं आम्ही सगळेच म्हणालो. पुढचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा शकुननं गल्लीत पेढे वाटले. त्यांनी आपला पेढा नुसता हातात धरून ठेवला.

शेवटी शकुनच हबकली. "जाऊबाई, हे भांडत काऊन नाईत?" एका दुपारी तिनं मुद्दाम वांग्याची भाजी केली, वर बोटभर तर्री. त्यांनी ती लौकीसारखीच खाल्ली.

"कशी झाली?" तिनं विचारलं.

"काय?"

"भाजी."

"असन बरी."

ती ताट तिथंच सोडून आत गेली.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, लकव्यानंतर असं औदासीन्य पुष्कळांना येतं, लवकर आणायला हवं होतं. रक्तातल्या चरबीचा त्याच्याशी संबंध असतो का, मी विचारलं. "असू शकतो, नक्की सांगता येत नाही. पण आजी, रिपोर्ट सुधारला म्हणजे मन सुधारलं असं नसतं." गोळ्या दिल्या, मग बदलल्या. फरक नाही. शकुन आता काही विचारत नाही, आणि मलाही आशा वाटत नाही.

आलात की पाया पडा, जवळ बसा, उत्तराची वाट पाहू नका. ते जिवंत आहेत, काठी टेकत अंगणापर्यंत येतात, आणि त्यांचं रक्त अगदी चांगलं आहे.