भिंतीवरचं आयातशुल्क

आमच्या घरात आर्थिक धोरण फक्त एकदाच राबवलं गेलं, आणि ते मी राबवलं.

गेल्या वर्षी मी इथं, आमच्या म्हैसूरलाच, एम.ए. अर्थशास्त्राला होते. सेमिनारचा विषय होता आयातशुल्क आणि देशी उद्योग. मी शुल्काच्या बाजूनं बोलणार होते, कारण विरुद्ध बाजू वर्गातल्या हुशार मुलांनी आधीच पटकावली होती. (आम्हा विद्यार्थ्यांची बरीच ठाम मतं अशीच तयार होतात.)

रात्री जेवताना मी हे जाहीर केलं, तेव्हा अप्पांचा घास हातातच राहिला. अप्पा मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात फोरमन आहेत.

“अगं, आमचा माल जातो त्या देशानं शुल्क वाढवलं नि आमच्या ऑर्डरी थांबल्या. ओव्हरटाइम बंद! आणि तू शुल्काचीच बाजू घेणार?”

“अप्पा, ही भावना झाली. मी विश्लेषण करतेय.”

“हौदा? असं का?” म्हणत अप्पांनी आणखी दोन डाव हुळी वाढून घेतली.

ही हुळी, म्हणजे आमच्याकडचं सांबार, आईनं केलेली नव्हती. ती शेजारच्या सरोजम्मांकडून आली होती. दोन घरांमधल्या कंपाउंडच्या भिंतीवरून भांड्यांची ये-जा माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. तिकडून हुळी, कोसंबरी, चित्रान्न; इकडून कडबोळी, कानवले, फोडणीची पोळी. सरोजम्मा बोलणार कन्नड, आई उत्तर देणार मराठीत, आणि दोघींना सगळं कळणार. नियम एकच, आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही.

अप्पांच्या ताटातल्या त्या हुळीकडे बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आयात! आई तर हुळी करायचंच विसरून गेली होती. देशी उद्योग बुडाल्याचं इतकं चविष्ट उदाहरण घरात असताना मी लायब्ररीत धूळ कशाला खात होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर बिसीबेळे भाताचा डबा आला. आई आंघोळीला गेली होती. सीमेवर मी एकटीच.

“सरोजम्मा, सेमिनार होईपर्यंत आयातीवर शुल्क लावलंय. अर्धा डबा इथंच वसूल होणार.”

“वसूल कोण करणार?”

“मी.” (आणि उभ्या उभ्याच मी चमच्यानं वसुली सुरू केली.)

त्या खो-खो हसल्या. मी इथं थांबले असते तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. पण प्रयोगामागचा विचार समजावून द्यायला नको?

“त्याचं काय आहे, तुमच्या डब्यांमुळे आईचा स्वयंपाक पार बसलाय. तिला संरक्षण हवंय.”

सरोजम्मांचं हसू मावळलं. “आई असं म्हणाली?”

“आई नाही, अर्थशास्त्र म्हणतं.”

“अर्थशास्त्र तुमच्याकडे स्वयंपाकाला कधीपासून आलं?” एवढं विचारून त्या आत गेल्या.

त्यानंतर भिंतीवर काही आलं नाही. धोरण लागू पडलं म्हणून मी खूश! आई मात्र काम करता करता सारखी खिडकीतून भिंतीकडे बघायची. “सरोजम्मांना बरं नाही की काय?” शेवटी तिनं कडबोळी तळली, त्यांच्याच डब्यात भरली आणि मला पाठवलं.

सरोजम्मांनी झाकणसुद्धा उघडलं नाही. “बेडा, नको. आता माझ्या उद्योगालाही संरक्षण हवं.”

जशास तसं शुल्क! पुस्तकात होतं अगदी तस्सं! मी जवळजवळ नाचतच डबा घरी आणला, आणि आईचा चेहरा बघून नाच थांबला. रिकामं भांडं परत करत नाहीत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. भरलेलं परत आल्याचं मात्र कुणी कधी ऐकलं नव्हतं.

मग खरा घोळ सुरू झाला. सरोजम्मांचे डबे आमच्याकडे अडकले. रिकामे देता येत नाहीत आणि भरलेले त्या घेत नाहीत. आमचे डबे त्याच कारणानं तिकडे. अप्पांनी कारखान्यात दहीभात कुकरच्या भांड्यात नेला, वर ताटली ठेवून फडक्यानं बांधून.

“तिकडेही तीच गत,” अप्पा एका संध्याकाळी म्हणाले. “सरोजम्मांनी चिवडा चहाच्या किटलीत भरून ठेवलाय.”

“तुम्हाला काय माहीत?” आईनं विचारलं.

“येता-येता दिसलं.”

पण अप्पांच्या हेल्मेटमधून चित्रान्नाचा वास येत होता! आईनं हेल्मेट उलटं केलं, तर आत केळीच्या पानात बांधलेली पुडी. चोरटी आयात!

“त्या फाटकापाशी देतात मला,” अप्पा पुटपुटले. “त्यांचा राग माझ्यावर नाही, तुझ्यावर आहे. त्यांच्या डब्यांमुळे तुझा स्वयंपाक बसला, असं तू म्हणालीस ना?”

“मी? आणि हे ठाऊक असून तुम्ही गप्प बसलात?”

“पुरवठा चालू होता.”

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी सेमिनारच्या तयारीला उठले.

“सुम्ने! गुपचूप बस खाली,” आई म्हणाली. ती ओरडेल असं वाटलं होतं, पण तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणीच आलं. “तुझ्या वेळच्या बाळंतपणात माझं कुणी नव्हतं इथं. त्या बाईनं रोज दोन्ही वेळा गरम भात आणून भरवला मला. तेव्हा कुणी शुल्क मागितलं?”

मला भयंकर वाईट वाटलं. अर्थशास्त्राच्या कुठल्याही पेपरात वाटलं नव्हतं इतकं.

आईनं कडबोळ्यांचा तोच डबा उचलला, मला दंडाला धरलं आणि परक्या माणसांसारखे आम्ही फाटकातून सरोजम्मांच्या दारात गेलो. मी सगळं कबूल केलं.

“म्हणजे आई असं म्हणालीच नाही?” सरोजम्मांनी विचारलं.

“नाही.”

“आणि ते तुझं अर्थशास्त्र?”

“त्यालाही नीट विचारलं नव्हतं.”

झालं! दोघी एकमेकींचे हात धरून आधी रडल्या, मग हसल्या, मग एक कन्नडात आणि एक मराठीत मला बोलू लागल्या. मला दोन्ही भाषा येतात याचा इतका पश्चात्ताप कधी झाला नव्हता.

सेमिनारात मी शुल्काविरुद्ध इतक्या कळवळ्यानं बोलले, की सरांनी माझी बाजू कोणती ते दोनदा तपासून पाहिलं.

आता भिंतीवरची वाहतूक सुरळीत चालू आहे. दोन्ही घरांनी एकमतानं फक्त एकाच मालावर कायमची बंदी घातलीय, ती म्हणजे माझी मतं. आणि अप्पा सांगतात, तो माल चोरूनसुद्धा कुणी आणत नाही. मागणीच नाही म्हणे!