कुरडयांची सावड

१२ मे १९९९. कुरडयांचा चीक शिजवायचा होता, आणि गल्लीतली सगळी पोरं त्या दिवशी माझ्या ताब्यात होती.

मी जुन्नरला सरकारी कचेरीत, नवरा एसटीत कंडक्टर. शाळेला मे महिनाभर सुट्टी, आम्हाला नाही. गल्लीत आणखी दोघी नोकरीवाल्या, एक नर्स आणि एक बँकेत. माझं माहेर तळेघरकडचं. तिकडे भातलावणी सावडीनं होते, म्हणजे आज सगळे माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. तीच पद्धत मी सुट्टीला लावली. प्रत्येकीनं पाळीनं रजा टाकायची आणि सगळी पोरं सांभाळायची.

माझी पाळी आली. रजा नुसती पोरं राखण्यात घालवणं मला पटेना, म्हणून सासूबाईंना पेठहून चीक घेऊन बोलावलं. त्या एका दिवसासाठीच आल्या. घरी दुभती म्हैस होती.

सकाळपासून पोरं गच्चीवर. मोठी सोऱ्या दाबत होती, मधली प्लॅस्टिकचा कागद ओढून धरत होती, लहान कावळे हाकलत होती. वाटीवाटीनं गरम चीक दूध-साखर घालून मागत होती, तेव्हा कावळ्यांपेक्षा जास्त नुकसान राखणदारांनीच केलं. पण भांडण नाही, रडणं नाही. इतका शांत दिवस त्या सुट्टीत कुणाच्याच पाळीला आला नव्हता.

संध्याकाळी बँकेतली गच्चीवर आली. तिच्या मुलाचं नाक उन्हानं सोललं होतं आणि तळपाय लाल झाले होते. ती पुण्यात वाढलेली, आवाज न चढवता बोलायची. मुलगा सांभाळायला दिला होता, मजुरीला नाही, म्हणाली. उद्याची पाळी तिची होती, ती तिनं रद्द केली.

उद्या कचेरीत तपासणी. साहेबांनी आधीच सांगितलं होतं की मयत झाल्याशिवाय रजा मिळणार नाही, आणि तीही स्वतःचीच. नर्सची दिवसपाळी होती. नवरा मुक्कामी गाडीवर. माझ्या दोन्ही पोरींना कुठे ठेवू?

मी त्याला टोपी घालून द्यायला हवी होती, चूक झाली, वगैरे बोलले. ती ढिम्म हलली नाही.

सासूबाई कोपऱ्यात सोऱ्या घासत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुझं उडदाचं पापड झालं का गं बाय?"

"कुठे होतंय, आजी. वेळच मिळत नाही."

"मंग उद्या पोरं तुझ्याकडं येऊ दे की. आज आमी शिकवून तयार केल्यात. आता तू सावड मोडली, तर तुजंच नुकसान."

गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांकडे बँकेतलीनं पाहिलं. मग मला विचारलं, "पापड लाटतील का हो ही?"

"वाकडे लाटतील," मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

"सावलीत बसवीन मी," ती म्हणाली, आणि मुलाला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंना पेठच्या गाडीत बसवलं, दोन्ही पोरींच्या हातात पोळपाट-लाटणं देऊन त्यांना बँकेतलीच्या दारात सोडलं, आणि साहेबांच्या आधी कचेरीत जाऊन बसले.