मेंदूच्या फोटोचे पेढे

रिपोर्ट चांगला आला की आमच्यात पेढे वाटतात. मग तो दहावीचा असो नाहीतर लघवीचा. तेव्हा माझ्या धाकट्या भावाच्या मेंदूचा फोटो ‘नॉर्मल’ आला म्हणून लालबागच्या चाळीत पेढे वाटले गेले, यात नवल काहीच नाही. नवल माझंच. मला सगळं ठाऊक होतं, आणि तरी मी दोन पेढे खाल्ले.

भावाला स्किझोफ्रेनिया आहे. ऐन पंचविशीत सुरू झाला, आता तो साठीला टेकला. लग्न नाही. मधला भाऊ आणि भावजय यांच्याकडे, आमच्या माहेरच्याच खोलीत राहतो. रोज रात्रीच्या जेवणावर दोन गोळ्या घेतल्या की माणूस शांत. भाजी निवडून देतो, दूध आणतो, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. गोळ्या चुकल्या की त्याला माणसं बोलताना ऐकू येतात, आणि ती चांगलं काही बोलत नाहीत.

परळच्या ज्या इस्पितळात तो तपासायला जातो, तिथे एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आम्ही या आजाराचा अभ्यास करतोय, मेंदूचा फोटो काढू द्याल का? भाऊ हो म्हणाला. गिरगावातून मी सोबतीला गेले. बाहेर बाकावर त्याचा पट्टा नि चष्मा मांडीवर घेऊन बसले, आणि आत ते मशीन खडखड खडखड. त्याला सांगितलं होतं, काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं.

“काही करायचंच नाही, तर फोटो कसला काढता?” मी बाईंना विचारलं. माझी शाळा सातवीपर्यंतची, पण विचारायला मी लाजत नाही.

त्या हसल्या. म्हणाल्या, “मावशी, मेंदू रिकामा बसतच नाही. माणूस नुसता पडून असला तरी मेंदूचं काम कमीजास्त होत राहतं, लाटांसारखं. काही लाटा अगदी संथ, काही जरा भरभर. आम्ही त्या वेगवेगळ्या करून मोजतो. या आजारात संथ लाटांचा जोर एका जागी कमी भरतो, दुसऱ्या जागी जास्त. भरभर लाटांचं गणित आणखी निराळं. पण हे एकट्याच्या फोटोवरून नाही सांगता येत. पुष्कळ आजारी माणसं, पुष्कळ निरोगी माणसं, दोन्हीकडची मापं शेजारी ठेवली की मग फरक कळतो.”

शिवाय त्यांनी फोटोची फिल्म आणि एक साधा रिपोर्टही दिला. मेंदूत गाठ नाही, रक्तस्राव नाही, रचना ठीक. देताना दोनदा बजावलं, “याचा अर्थ आजार नाही असा नाही हं. गोळ्या चालूच ठेवायच्या.”

मी मान हलवली. इथवर मी शहाणी होते.

घरी आलो. भावजयीनं रिपोर्टातला ‘नॉर्मल’ हा एक शब्द वाचला, आणि तिचा चेहराच फुलला. तासाभरात पेढ्याचा पुडा आला. शेजारपाजारचे जमले. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून एकेक जण बघू लागला. पेढ्याची तुपकट बोटं थेट फिल्मवर. माझ्या भावाच्या मेंदूवर तुपाचे ठसे, आणि तो बिचारा समोर स्टुलावर बसलेला! शेजारची म्हातारी म्हणाली, “मेल्याक कायच झालेला नाय. माका ठावक होता.”

“नाटकं नुसती,” मधला भाऊ हसून म्हणाला. “पस्तीस वर्षं फुकट गोळ्या गिळल्यान.”

धाकटा मला हळूच म्हणाला, “ताई, जे मला बोलतात ते दिसले का गो यांना?”

मी म्हणायला हवं होतं की अरे, ढोलकीचा फोटो बघून ती सुरात आहे की नाही कळतं का? हे मला सुचलं, पण दुसऱ्या दिवशी, भांडी घासताना. त्या क्षणी मात्र भावजय म्हणाली, “वन्सं, तोंड गोड करा,” आणि मी केलं. इतक्या वर्षांनी त्या घरात हसू होतं, ते मोडायचं माझ्या जिवावर आलं.

त्या दिवसापासून गोळ्या बंद झाल्या. मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

महिन्याभरानं भावजयीचा फोन. “भाऊजी जेवत नाहीत. मी विष घालते म्हणतात. खिडकीच्या फटींत पेपर कोंबून बसलेत. डोकं तर नॉर्मल आहे, म्हणजे मुद्दामच करतात ना?” मला शिसारी आली. माणूस उपाशी बसलाय, आणि ही मला त्याचा कावा समजावते!

मी आणि मधल्यानं त्याला कसंबसं टॅक्सीत घातलं, इस्पितळात नेलं. दाढी वाढलेली, अंगाला वास. डॉक्टरांनी विचारलं, “गोळ्या कुणी थांबवल्या?”

मधला छताकडे बघत राहिला. आणि धाकटा, जो आठ दिवस धड एक वाक्य बोलला नव्हता, तो म्हणाला, “मीच विसरलो.”

मधल्यानं लगेच मान डोलावली. “हो ना, विसरतो हा.”

आजारी माणूस धडधाकटांना पाठीशी घालतोय, आणि धडधाकट माणूस ते खुशाल घालून घेतोय.

“तो नाही विसरला,” मी म्हटलं. “आम्ही बंद केल्या. त्या नॉर्मलला भुलून. मला माहीत होतं, तरी मी गप्प बसले.”

बाहेर आलो. मधला तोंड फिरवून औषधांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. धाकट्यानं माझ्या पदराचं टोक धरलं. “ताई, कशाला सांगितलंस? आता घरात मला कोण ठेवणार?”

माझी गिरगावातली एक खोली. त्यात मुलगा, सून, नात. सुनेचा चेहरा डोळ्यांपुढे आला, रात्रीची अंथरुणं आली, दाराआडचं मोरीचं पिंप आलं. हे सगळं मोजून झालं, आणि मग मी म्हटलं, “माझ्याकडे चल.”

तो आला. इथेच आहे आता, गोळ्याही मीच देते. पण तेवढं म्हणायला मला जो वेळ लागला, त्या वेळात तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्या वेळाची, माझी मलाच आलेली किळस अजून गेलेली नाही.