तारीख कावेरीची, रवा सासूबाईंचा

बेंगळुरूच्या बनशंकरी भागातल्या आमच्या इमारतीत कावेरी समोरच्या दारात राहते. तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा खुर्चीतच माझं बोट चेमटलं. घडीची खुर्ची होती ती. टेबल घडीचं, पलंग घडीचा, कपाट कापडी, चेन ओढून बंद करायचं. मला वाटलं, बिचारे नुकतेच राहायला आले असतील. विचारलं तर कळलं, मंडळी माझ्याही आधीपासून तिथे आहेत!

"जड काही घ्यायचं नाही असं ठरवलंय," कावेरी म्हणाली. "ग्रीन कार्डाचा नंबर लागला की जायचंच आहे की."

मी पुण्याची. न विचारता सल्ला देणं हा माझा स्वभाव आहे आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. पण त्या दिवशी बोट फारच दुखत होतं, म्हणून गप्प बसले.

कावेरी मूळची निपाणीची, मेकॅनिकल इंजिनियर. एका अमेरिकन कंपनीने तिला टेक्सासला नेलं आणि तिथे कायमचं राहता यावं म्हणून तिच्यासाठी अर्ज केला. तो मंजूरही झाला. पण मंजूर होणं वेगळं आणि कार्ड हातात पडणं वेगळं. आपल्या लोकांची रांग म्हणजे मारुतीचं शेपूट. मध्येच सासऱ्यांचं आजारपण निघालं, आणि ती नवऱ्याबरोबर, दयानंदबरोबर, बेंगळुरूला परतली. कंपनीने बेळ्ळंदूरच्या ऑफिसात जागा दिली आणि सांगितलं, इथे काम करत थांबा, नंबर आला की परत पाठवू. सासरे गेले. नंबर काही आला नाही.

ही रांग कुठल्या तारखेच्या अर्जांपर्यंत सरकली ते अमेरिकन सरकार दर महिन्याला जाहीर करतं. त्या दिवशी कावेरीच्या सासूबाई, शालनकाकू, सकाळीच रवा भाजून ठेवतात. तारीख पुढे गेली तर शिरा, जागच्या जागी राहिली किंवा मागे आली तर उप्पीट. काकूंना इंग्रजीचं अक्षर येत नाही, अमेरिका नकाशावर दाखवता येणार नाही. पण रवा मात्र आधीच भाजलेला. "दोन्हीला लागतोय की," म्हणतात. त्या घरी मी उप्पीटच जास्त खाल्लं आहे.

कावेरीचा खरा जीव कशात आहे सांगू? वस्तू मोडण्यात. एखादा सांधा किती वाकवला की तुटतो, हे यंत्रावर बघायला मिळालं की ही बाई जत्रेतल्या पोरासारखी खुलते. बेळ्ळंदूरला मात्र दुसऱ्यांनी मोडलेल्या वस्तूंचे अहवाल वाचायचे आणि मीटिंगमध्ये मान डोलवायची. जाता-येता रिंग रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये बसायचं, ते वेगळंच.

मग एक दिवस ती माझ्या दारात आली ती चप्पल न काढताच. तिची जुनी सहकारी अनुसूया इथल्याच बोम्मसंद्रात एक छोटा कारखाना चालवते. तिथे कृत्रिम पाय तयार होतात, गुडघ्यात वाकणारे. अनुसूयाने तिला बोलावलं होतं: चाचणीचा सगळा विभाग तू सांभाळ.

"मुग्धाताई, तिथं एक यंत्र आहे, दिवसभर नुसता गुडघा वाकवत राहतं!" ती सांगत होती, आणि एवढी सुंदर ती मला कधीच दिसली नव्हती. मग एकदम चेहरा पडला. "पण कंपनी सोडली की नंबर जातोय. इतकी वर्षं थांबले, सगळं पाण्यात."

"कोणी सांगितलं?"

"सगळे तसंच म्हणतात."

"वकिलाला विचारलंस?"

"वकील कंपनीचाच की. विचारलं तर साहेबाच्या कानावर जाईल."

आता मात्र माझं डोकं तापलं. शिकली-सवरलेली बाई, हातातली वस्तू मोडेपर्यंत तपासणारी, आणि हीच एक गोष्ट तिने ऐकीव माहितीवर धरून ठेवली होती! मी तिला चांगलंच झापलं. दुसरा वकील नाही का जगात? माझ्या मावसबहिणीची मुलगी स्मृती तिकडे हेच काम करते. मी तिला तिथल्या तिथे मेसेज टाकला.

शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल ठरला. त्याच दिवशी तारीखही जाहीर व्हायची होती, त्यामुळे स्वयंपाकघरातून भाजलेल्या रव्याचा वास येत होता. घडीच्या टेबलाभोवती आम्ही बसलो. दयानंद घसा खाकरत होता. कावेरीचे हात मांडीवर घट्ट धरलेले. मला तिची फार माया आली.

स्मृतीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "तुमचा अर्ज मंजूर होऊन कितीतरी वर्षं झाली. आता नोकरी सोडली तरी रांगेतला तुमचा नंबर, म्हणजे अर्जाची तारीख, तुमचीच राहते. कंपनी ती काढून घेऊ शकत नाही."

"तारीख माझी?"

"तुमची. पण नीट ऐका. नंबर आला तेव्हा जायचं असेल तर तिथल्या दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीने तुमच्यासाठी नव्याने अर्ज करायला हवा. तशी कंपनी मिळेलच याची खात्री मी देणार नाही."

"पण तारीख माझी?" कावेरीने पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. स्मृती हसायला लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

काकू झारा घेऊन दारात उभ्या. "नीट सांगा की. शिरा का उप्पीट?"

सरकारची तारीख अजून यायची होती. नंबर हातात, पण रस्ता नाही. दयानंद म्हणाला, "आई, चौचौबात कर." इथल्या हॉटेलात एका ताटलीत गोड आणि तिखट शेजारी-शेजारी देतात, त्याला चौचौबात म्हणतात. काकूंनी अर्धा रवा इकडे, अर्धा तिकडे घातला. आम्ही ताटल्या चाटूनपुसून खाल्ल्या.

सोमवारी कावेरीने राजीनामा दिला. साहेब म्हणाले, "नंबर घालवून बसशील." ही म्हणाली, "सर, नंबर माझा आहे. मी तो घरी घेऊन चाललेय." हे ती मला इतक्यांदा सांगते की आता मलाच पाठ झालंय.

पहिल्या पगारात घरात इडलीचं पीठ वाटायचा ओला ग्राइंडर आला. दगडाचा, दोन माणसांनी जिन्यावरून उचलून आणला. "स्वल्प जागा द्या, अक्का," म्हणत ते आत शिरले, आणि काकूंनी त्याला हळदकुंकू लावलं. मागोमाग लाकडी खुर्च्याही आल्या. त्या माझ्या बोटासाठी, असं कावेरी म्हणते.

गेल्या महिन्यातली गोष्ट. तारखेचा दिवस. मी भोचकपणे आधीच फोनवर बघून घेतलं होतं: तारीख चांगली वर्षभर मागे गेलेली. काळजी वाटून मी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसले. काकूंनी रवा भाजून ठेवलाच होता.

कावेरी आली ती बाहीला ग्रीस लावून आणि मोठमोठ्याने बोलत. आज त्यांनी केलेला पाय लावून एक रिक्षावाला कारखान्याचा जिना चढला होता. वर जाऊन पुन्हा उतरला, आणि पुन्हा चढला, कोणी सांगितलं नसताना. "आत्या, तो हसत होता हो!" सासूला ती आत्या म्हणते. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले.

काकूंनी कढईकडे बोट दाखवलं. "ते राहू दे. साखर घालू का मिरची?"

"का? आज काय आहे?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच, बोट दुखत नसतानाही, मी तोंडातून शब्द काढला नाही.

"काही नाही," काकू म्हणाल्या, आणि साखरेचा डबा उघडला.